उशिरा उठणारा गुडघा

९ जानेवारी

माणूस उठल्यावरही त्याचा गुडघा झोपलेलाच राहतो, असं होऊ शकतं का? आज संध्याकाळी भिंगरीनं मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. मुलं काहीबाही विचारतात, आणि माहीत नसलं तरी वेळ मारून नेण्यापुरतं काहीतरी मला सुचतं. आज तेही सुचलं नाही.

"झोपलेला म्हणजे कसा गं?"

"मी उठते ना आत्या, तेव्हा तो उठतच नाही. मी हाक मारते, चापट मारते. मग आजी त्याला उठवते."

हे सांगताना ती जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी, सहा वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून स्वतःभोवती गोल फिरायची, म्हणून भिंगरी. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं.

वहिनी म्हणते, सकाळी ती दिवाणावरून खाली पाय टाकायलाही रडते, आणि जिना बसून बसून उतरते. आई म्हणते, शाळेचा कंटाळा, दुसरं काय. मी सकाळच्या शाळेला पहाटेच निघते तेव्हा ती गाढ झोपलेली असते. मला माहीत असलेली भिंगरी संध्याकाळची. ती तर मला पळून पळून दमवते.

दोघींतली खरी कोणती?

१३ जानेवारी

आज भिंगरीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. मीच हट्ट धरला. घरातली एकटी पदवीधर असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आमच्या घरात कुणी डॉक्टरकडे जायचं म्हणजे केवढा सोहळा असतो, ते पुन्हा एकदा पाहिलं. खाली आमची लाँड्री आहे आणि वर आम्ही राहतो. लॉजच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, लोकांचे शर्ट. बाबा असताना दुकानाचा एक नियम होता, आईनं तो आजवर मोडलेला नाही: चुरगळलेलं काही उंबऱ्याबाहेर जाणार नाही. हा नियम कपड्यांपुरता असावा असं मला लहानपणी वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की तो आम्हालाही लागू आहे. माझी पदवी पोस्टानं घडी पडून आली, तर आईनं तिच्यावर मलमलीचं फडकं टाकलं आणि हलक्या हातानं इस्त्री फिरवली. घडी गेली. उजव्या कोपऱ्यात तांबूस डाग राहिला. ती चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला आई डागासकट दाखवते.

आज भिंगरीची पाळी होती. मी शाळेतून आले तोवर आईनं तिला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, पाय चोळले होते, इस्त्रीचा गरम फ्रॉक अंगात चढवला होता. डॉक्टरांकडे ती दुडूदुडू चालत गेली. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला.

"वाढीच्या कळा आहेत. मुलं उंच होताना असं होतं."

आई परत येताना रस्ताभर हसत होती. "झालं समाधान, बाईसाहेब?"

झालं. म्हणजे, व्हायला हवं होतं.

२१ जानेवारी

आज दुपारी शाळेतून आले तर पाण्याचा पंप बिघडला म्हणून चादरींची वाफेची प्रेस बंद होती; घर कसं अनोळखी वाटलं. माझं सगळं बालपण त्या प्रेसच्या वाफेत गेलं. दोन गरम रुळांमधून ओली चादर आत जायची आणि पलीकडून कोरडी, सपाट, पापडासारखी कडक होऊन यायची. ती झेलायला मी आणि दादा भांडायचो.

आणि थंडीतल्या सकाळी राणीसाहेबांचा पोशाख! राणीसाहेब म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही, ती पहिल्यापासून आमच्याकडेच. बटणं लावणं, उसवलेलं शिवणं हे तिचं काम, आणि ते ती खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसून करते. सगळ्यांची कामाची घाई चाललेली असताना ही बाई आरामात उशिरा उठायची, म्हणून राणीसाहेब. मग आई आमची स्वतःची जुनी चादर प्रेसमधून काढायची आणि ती गरमागरम असतानाच मावशीला कमरेपासून खाली गुंडाळायची. मी उशीचा अभ्रा डोक्यावर घालून दासी व्हायचे. "राणीसाहेबांचा विजय असो!" मावशी हात वर करून म्हणायची, "राणीसाहेब आत्ता कुणाला भेटणार नाहीत. राणीसाहेब तापताहेत." मग बऱ्याच वेळानं ती उठायची, भिंतीला धरून, डुलत डुलत. तिची ती चाल मला फार ऐटबाज वाटायची. आरशासमोर मी तिची नक्कल करायचे.

एवढी मजा मी नंतर कुठेच पाहिली नाही.

३० जानेवारी

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. भिंगरी पुन्हा न्हाऊन, चोळून, इस्त्री होऊन. वेळ दुपारची मिळाली, माझ्या शाळेमुळे मीच ती मागितली होती.

एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर तिला म्हणाले, "एका पायावर उडी मारून दाखव." तिनं मारली. पोरीला कुणी काही करून दाखव म्हटलं की ती मागे हटत नाही.

"शाळा आवडत नाही का तुला?" त्यांनी हसून विचारलं. मग आमच्याकडे वळून, "काही झालेलं नाही हो हिला. फार लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल."

बाहेर आल्यावर दादा तिला चिडवायला लागला. "काय गं नाटकी? मोठी झाल्यावर सिनेमात जाणार का?" ती घरी आल्यावर माझ्या मागे मागे गच्चीवर आली.

"आत्या, मी खोटं नाही बोलत."

"मला माहीत आहे."

खरं सांगायचं तर माहीत नव्हतं. आतून मीही डळमळायला लागले होते. एक्स-रेवर माझा विश्वास आहे, मी विज्ञान शिकवते. तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळून मी वाळत घातलेले पंचे काढत राहिले. पण एक गोष्ट मनातून जात नाही. पंचा माझ्या हातात देताना ती बसली होती, आणि उठताना तिनं आधी जमिनीवर हात टेकले. म्हातारी माणसं टेकतात तसे.

५ फेब्रुवारी

आज शाळेत खेळाच्या बाईंना सहज भिंगरीचं सांगितलं, तर त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि मला बाजूला नेलं. त्यांच्या भाच्याला असंच होतं. लहान मुलांचा संधिवात.

"मुलांना कुठे संधिवात होतो?" मी म्हणाले.

"मीही असंच म्हणाले होते. दोन वर्षं सगळेच असं म्हणत राहिलो. आता त्याची कोपरं पुरती सरळ होत नाहीत."

ही दोन वर्षं माझ्या मनाला फार लागली. त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा फोन दिला. तिथे फक्त मुलांचा संधिवात बघणाऱ्या डॉक्टरबाई आहेत. त्याआधी मी आमच्या आसपास चौकशी केली. एकीकडे सांगितलं, असे डॉक्टर आमच्याकडे नाहीत. दुसरीकडे मोठ्यांच्या संधिवाताचे होते, ते म्हणाले, आम्ही मुलं बघत नाही. तिसरीकडे फोन घेणारी मुलगी हसलीच. "वय सहा की साठ?"

शेवटी मोठ्या हॉस्पिटलचा फोन लागला. सिस्टर हसली वगैरे नाही. नीट, सावकाश प्रश्न विचारले. सूज आहे का, ताप येतो का, डोळे तपासलेत का. मग म्हणाली, "सकाळी उठल्यावर कशी असते?"

"घरचे म्हणतात, आखडलेली असते."

"तुम्ही पाहिलंय?"

एकाच घरात राहून मी भिंगरीची एकही सकाळ पाहिली नव्हती. रविवारी मीच उशिरा उठते.

वेळ मार्चमधली मिळाली. सकाळची देऊ की दुपारची, असं तिनं विचारलं. घरी विचारून कळवते म्हणाले.

१० फेब्रुवारी

रजा टाकून घरी थांबले. पाहिलं.

जागी झाली तरी भिंगरी छताकडे बघत पडून होती. हाक मारली तर फक्त मान वळवली. उजवा पाय गुडघ्यात वाकलेला, आणि तो तिनं दोन्ही हातांनी धरलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय. वहिनीनं उचलायचा प्रयत्न केला तर ओरडली. नाटक करणारी मुलं आधी समोरच्याकडे बघतात. ती कुणाकडेच बघत नव्हती.

तेवढ्यात आई खालून आली. खांद्यावर चादर, तिच्यातून वाफ निघत होती. आमची तीच जुनी चादर, निळ्या काठाची. आईनं भिंगरीला कमरेपासून खाली गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. हात किती सराईत! मला क्षणभर बरं वाटलं, खरंच. तीच चादर, तोच खिडकीतला उजेड, स्टुलावर मावशी सुईत दोरा ओवतेय. सगळं जसंच्या तसं. मी अभ्रा शोधायला वळणार होते.

मग मावशीचे हात थांबलेले दिसले. ती भिंगरीकडे बघत नव्हती. चादरीकडे बघत होती.

बऱ्याच वेळानं भिंगरी उठली. भिंतीला धरून, डुलत डुलत.

ही चाल मला येते. मी आरशासमोर ती गिरवलेली आहे.

खाली प्रेसच्या खोलीत आईला गाठलं. "हे रोजचं आहे?"

"थंडी आहे."

"आई, दोन्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी कुठे विचारलं?"

"तू त्यांना दाखवलीच नाहीस गं पोर. तू तिला इस्त्री करून नेलीस."

आईनं हातातला शर्ट पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतला. "मग काय चारचौघांत वाकडीतिकडी न्यायची? लोक काय म्हणतील, घरात कुणी बघणारं नाही?"

"लोकांचं जाऊ दे. डॉक्टरांना आजार दिसायला नको?"

"दिसला की ठेवून घेतात," आई म्हणाली. मग प्रेस चालू केली, आणि त्या आवाजात मला पुढचं काही विचारता येईना.

११ फेब्रुवारी

मावशीला विचारलं. तिची शर्टाची बटणं लावून होईपर्यंत थांबले.

"तू एवढी शिकलीस," ती म्हणाली, "आणि तुला खरंच वाटायचं मी आळशी आहे?"

"मला वाटायचं तू राणी आहेस."

ती पोटभर हसली. मग सांगायला लागली, दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तशी. तिला हे आठव्या वर्षी सुरू झालं. त्या वेळी असल्या मुलांचे डॉक्टर कुणी ऐकलेले नव्हते. एका मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतलं आणि पाय वाकडा होऊ नये म्हणून प्लास्टर घातलं. "चांगले होते गं ते डॉक्टर. मला गोळ्या द्यायचे, लिमलेटच्या. प्लास्टर काढलं तेव्हा पाय अगदी सरळ होता. अजून सरळच आहे बघ, वाकायचं नाव नाही." तिनं गुडघ्यावर टिचकी मारली. "ताईला, तुझ्या आईला, आत सोडायचे नाहीत, लहान होती ना. ती फाटकाबाहेर उभी राहायची. मी खिडकीतून हात करायचे. घरी आले तेव्हा तिनं शपथ घेतली, मला परत कधी पाठवणार नाही. आणि गरम चादर तिनंच शोधून काढली. कुणी शिकवली नव्हती."

"आणि राणीसाहेब हे नाव?"

"मीच पसरवलं. लोक दुसरं काहीतरी म्हणणार होतेच. म्हटलं, आपणच आधी चांगलंसं ठेवून द्यावं."

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. सुई धरणारी बोटं बाहेरच्या बाजूला कललेली आहेत, वाऱ्यात झुकलेल्या गवतासारखी. जन्मापासून बघतेय मी ती बोटं. तिची बोटं तशीच असतात असं मला वाटायचं.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलला कळवलं, सकाळची वेळ द्या. पहिलीच.

आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट मात्र झाकून ठेवते.

४ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. समोर एक मुलगी दोन्ही मनगटांना पट्ट्या लावून चित्र काढतेय, आणि एक थोराड मुलगा वैतागून आईला म्हणतोय, "मी आत एकटा जाईन." खेळाच्या बाईंच्या भाच्यासारखी किती मुलं आहेत इथे. मला वाटत होतं भिंगरी एकटीच असेल.

ठरलं होतं तसंच केलं. दादाच्या कपडे पोचवायच्या गाडीत मागे धुवायच्या चादरींची गाठोडी पसरली आणि झोपलेल्या भिंगरीला उचलून त्यांवर ठेवलं; वहिनी आणि मी तिच्याशेजारी. अंघोळ नाही, चोळणं नाही, रात्रीचाच फ्रॉक, केसांचं घरटं. आई येणार नाही म्हणाली होती. गाडी सुरू झाल्यावर आली, दादाच्या शेजारी चढून बसली. मांडीवर पिशवी. पिशवीत काय ते मला बघायची गरज नव्हती, इस्त्रीचा वास येत होता.

हॉस्पिटलच्या दारात भिंगरीला जाग आली. दादानं तिला उतरवलं आणि सवयीनं उभं केलं, तर ती खालीच बसली. दादाचा चेहरा पडला. सकाळी तो माल घेऊन लवकर जातो. त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. "नाटकी" शब्द त्याला नक्की आठवला असणार, कारण त्यानं तिला उचललं ते थेट डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही.

पाळी आली तेव्हा आईचा हात पिशवीत गेला. फ्रॉक अर्धा बाहेर आला. आईनं भिंगरीकडे पाहिलं, फ्रॉकची घडी पुन्हा जुळवली आणि तो आत ठेवला.

डॉक्टरबाईंनी आमच्याशी नाही, आधी तिच्याशी बोलणं काढलं. "काय होतंय गं?"

"माझा गुडघा उशिरा उठतो."

आम्ही सगळे अवघडलो. बाई हसल्या नाहीत. दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून बराच वेळ तशाच राहिल्या. "अगदी बरोबर सांगितलंस. काही मुलांचा उठतो उशिरा. आतून सुजलेला असतो ना, म्हणून. आणि तुझा घोटाही जरा उशिरा उठतो, ते तुला माहीत होतं का?"

भिंगरीनं मान वळवून आमच्या एकेकाकडे पाहिलं. दादाकडे जरा जास्तच वेळ.

आई एकदम म्हणाली, "ठेवून घेणार का हिला? प्लास्टर घालणार?"

"नाही आजी. आज तपासण्या करू, संध्याकाळी घरी न्या. आणि प्लास्टर कसलं, आम्ही तर हिला हलायलाच लावणार. औषधं आहेत आता, चांगली आहेत." मग विचारलं, "सकाळी तुम्ही घरी काय करता?"

आईनं खाली बघत चादरीचं सांगितलं.

"फार छान करता. तेच चालू ठेवा. फक्त मला दाखवायला आणाल त्या दिवशी नको."

आईनं मांडीवरची पिशवी पहिल्यांदाच खाली ठेवली.

मी मावशीचंही सांगितलं. बाई म्हणाल्या, घराण्यात असतंच असं नाही, पण लिहून ठेवते.

आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलंय. गुडघ्यासाठी डोळे कशाला, असं दादा विचारत होता. मुलांच्या या संधिवातात काही वेळा डोळा आतून सुजतो, दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

नंतर. डाव्या डोळ्यात सूज आहे. थोडीशी. थेंब आजपासून सुरू. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलीत." आईनं त्यांना दोनदा विचारलं, "वेळेवर ना?"

परत येताना भिंगरीनं गाडीत स्वच्छ फ्रॉक घातला आणि घरी पोचेपर्यंत चुरगळून टाकला. आईनं तो ओढून सरळ केला नाही.

१९ मार्च

औषधं सुरू झाली आहेत. परिणाम दिसायला वेळ लागेल असं बजावलंय, आणि मी रोज बघते. सकाळच्या रजा घेऊन घेऊन मुख्याध्यापिका वैतागल्या, तेव्हा मी दुपारचे वर्ग मागून घेतले. पगार तोच, सकाळ माझी.

आजही चादर आली, वाफाळती. भिंगरी तिच्यात बसून हुकूम सोडत होती. मी अभ्रा डोक्यावर घातला आणि म्हणाले, "राणीसाहेबांचा विजय असो." ती चादर कशासाठी होती हे आता मला माहीत आहे. तरी माझ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर गोष्ट अजून तीच आहे. याचं काय करायचं, मला कळत नाही.

"धाकट्या राणीसाहेब," मावशी स्टुलावरून म्हणाली, "आमचं राज्य गेलं म्हणायचं."

मी तो धागा धरला. त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर मोठ्यांचे डॉक्टर बसतात, जाऊ या का, म्हटलं.

"आता? या वयात? हा गुडघा काय वाकणार आहे?"

"गुडघा नसेल वाकत. बोटं दुखतात ना?"

ती सुई शोधायला लागली. सुई तिच्याच हातात होती.

आई चादरीची टोकं जुळवत होती. वर न बघता म्हणाली, "आत सोडतात आता. मी पाहिलंय. फाटक नाहीच तिथे."

मावशीनं सुई कापडात टोचून ठेवली. "सकाळी न्याल? पारोशी? चुरगळलेली?"

"तशीच," आई म्हणाली.

"लोक काय म्हणतील, ताई?"

"म्हणू देत."

"बघते विचार करून," मावशी म्हणाली.

तिचा विचार चालू दे. तिचं नाव मी कालच, मधल्या सुट्टीत, नोंदवून टाकलं आहे. दुपारची वेळ देत होते. मी सकाळची मागून घेतली.